श्येचौचे ग्वानदी मंदिर

प्रस्तावना

चीनच्या उत्तर भागात शान्शी नावाचा प्रांत आहे. या प्रांताच्या दक्षिण टोकाला युनछंग शहराजवळ श्येचौ हे जुने गाव वसलेले आहे. स्थानिक लोक त्याचा उच्चार ‘हायचौ’ असा करतात. या गावात एका सेनापतीचे मंदिर आहे. हा सेनापती कधी राजा झाला नाही. आयुष्यातील अखेरची लढाई तो हरला आणि शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. असे असूनही त्याच्या मंदिराची रचना चिनी सम्राटाच्या राजवाड्यासारखी आहे.

पराभूत सेनापतीला सम्राटाचा मान कसा मिळाला? समाजाने त्याच्या कोणत्या गुणाची पूजा केली? आणि हा सारा प्रवास दगड, लाकूड व कौलांच्या भाषेत कसा सांगितला गेला? या प्रश्नांची उत्तरे प्रस्तुत पाठात शोधायची आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• ग्वान यू या वीराच्या जीवनातील प्रमुख घटना सांगू शकाल;
• इतिहास आणि लोककथा यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल;
• श्येचौ येथील मंदिराच्या रचनेचे वर्णन करू शकाल;
• वास्तुरचनेतून समाजाची मूल्ये कशी व्यक्त होतात, हे समजावून घेऊ शकाल;
• स्थापत्यविषयक मराठी शब्दांचा योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

१. मिठाच्या सरोवराकाठचा वीर

श्येचौच्या परिसरात खाऱ्या पाण्याचे एक मोठे सरोवर आहे. हजारो वर्षे या सरोवराच्या काठी मीठ पिकवले जात असे. मिठाच्या व्यापारामुळे हा प्रदेश संपन्न झाला. याच भागात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्वान यूचा जन्म झाला. श्येचौपासून जवळच असलेले छांगपिंग हे त्याचे मूळ गाव मानले जाते. तेथेही त्याच्या कुळाच्या नावाने एक मंदिर उभे आहे.

त्या काळी हान राजघराण्याची सत्ता खिळखिळी झाली होती. जागोजागी बंडे होत होती आणि सरदार आपापले सैन्य उभारत होते. ग्वान यू आपले गाव सोडून उत्तरेकडे गेला. तेथे लिऊ बेई या सरदाराशी व चांग फेई या योद्ध्याशी त्याची भेट झाली. तिघांमध्ये सख्ख्या भावांसारखा जिव्हाळा निर्माण झाला. लिऊ बेईजवळ तेव्हा मोठे राज्य नव्हते, खजिनाही नव्हता. तरीही ग्वान यूने त्याची साथ सोडली नाही.

इ. स. २०० मध्ये या निष्ठेची कसोटी लागली. बलाढ्य सेनानी त्साओ त्साओ याने लिऊ बेईचा पराभव केला. लिऊ बेई निसटला. ग्वान यू मात्र पकडला गेला. त्साओ त्साओला त्याच्या शौर्याची पारख होती. त्याने कैद्याला सन्मानाने वागवले, त्याच्यावर भेटवस्तूंचा वर्षाव केला आणि आपल्या पदरी राहण्याचा आग्रह धरला. ग्वान यूचे उत्तर सरळ होते. त्साओ त्साओचे आपल्यावर उपकार आहेत. परंतु आपण लिऊ बेईला वचन दिले आहे. उपकार फेडल्याखेरीज आपण जाणार नाही, आणि ते फेडल्यावर राहणारही नाही.

पुढे बायमाच्या लढाईत त्याने शत्रुसेनेत घुसून सेनापती यान ल्यांग याला ठार केले. उपकाराची फेड झाली. या पराक्रमाबद्दल त्याला ‘हानशौचा सरदार’ हा किताबही मिळाला. लिऊ बेईचा ठावठिकाणा कळताच त्याने मिळालेल्या सर्व भेटवस्तू मोहोरबंद करून ठेवल्या, निरोपाचे पत्र लिहिले आणि तो निघून गेला. त्याचा पाठलाग करू नये, असा हुकूम खुद्द त्साओ त्साओने दिला. प्रत्येक जण आपल्या धन्याशी इमान राखतो, ही गोष्ट त्याने मान्य केली होती.

पुढे लिऊ बेईचे बळ वाढले आणि मध्य चीनमधील जिंग प्रांताचा कारभार ग्वान यूकडे आला. इ. स. २१९ मध्ये त्याने फानछंग या किल्ल्याला वेढा घातला. तो आघाडीवर गुंतलेला असताना सुन छ्वान या दुसऱ्या सत्ताधीशाच्या सैन्याने मागच्या बाजूने जिंग प्रांत ताब्यात घेतला. ग्वान यूचे सैन्य पांगले. इ. स. २२० च्या प्रारंभी तो पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला. त्याचे मस्तक त्साओ त्साओकडे पाठवण्यात आले. परंपरेनुसार मस्तकाची समाधी ल्वोयांग येथे, तर धडाची समाधी दांगयांग येथे आहे.

२. इतिहास आणि आख्यान

तिसऱ्या शतकात छन शौ या इतिहासकाराने त्या कालखंडाचा इतिहास लिहिला. ग्वान यूच्या शौर्याची व कृतज्ञतेची त्याने प्रशंसा केली आहे. परंतु हा वीर फार ताठ व गर्विष्ठ होता आणि त्या दोषामुळेच त्याचा अंत ओढवला, असेही त्याने स्पष्टपणे नोंदवले आहे.

पुढील हजार वर्षांत कथेकरी आणि नाटक मंडळ्या यांनी ही कथा गावोगावी नेली. चौदाव्या शतकातील लुओ ग्वानचोंग याच्या नावे ओळखली जाणारी ‘तीन राज्यांची कथा’ ही कादंबरी या परंपरेतूनच आकाराला आली. पीचच्या बागेत लिऊ बेई, ग्वान यू आणि चांग फेई यांनी एकत्र जगण्या-मरण्याची शपथ घेतली, हा प्रसंग त्या कादंबरीमुळे घरोघरी पोहोचला. छन शौच्या इतिहासात तिघांच्या स्नेहाचा उल्लेख आहे, शपथेचा नाही.

ग्वान यूच्या हातातील लांब दांड्याचे, चंद्रकोरीच्या पात्याचे शस्त्रही आख्यानातूनच आलेले आहे. तसले शस्त्र त्याच्यानंतर अनेक शतकांनी प्रचारात आले. त्याचा लाल चेहरा रंगभूमीने लोकप्रिय केला. चिनी नाटकांत लाल रंग हा निष्ठेचा रंग मानतात. आणखी एक प्रसंग पाहा. विषारी बाणाची जखम झाल्यावर वैद्याने त्याच्या हाताचे हाड खरवडले आणि तेवढा वेळ तो शांतपणे मांस व मद्य घेत गप्पा मारत राहिला, असे इतिहासात नमूद आहे. तेथे वैद्याचे नाव नाही. कादंबरीने मात्र ही शस्त्रक्रिया ह्वा तुओ या प्रख्यात वैद्याच्या हातून करवली. प्रत्यक्षात ह्वा तुओ त्याच्या कितीतरी वर्षे आधी मरण पावला होता.

आख्यान खोटे म्हणून टाकून देण्याजोगे नसते. इतिहास घडलेली गोष्ट सांगतो. समाजाला कोणती गोष्ट जपावीशी वाटली, हे आख्यान सांगते. ग्वान यूचा गर्व लोकांनी मागे टाकला आणि त्याचे वचनपालन जपले. चिनी भाषेत या गुणाला ‘यी’ म्हणतात. न्याय्य कर्तव्य, मैत्रीतील निष्ठा आणि शब्दाला जागणे या तिन्ही अर्थछटा त्या एका शब्दात सामावलेल्या आहेत.

पाठगत प्रश्न – १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. ग्वान यूने __________ याच्या उपकारांची फेड बायमाच्या लढाईत केली.
२. ग्वान यूच्या ताठ व गर्विष्ठ स्वभावाची नोंद __________ या इतिहासकाराने केली.

(आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. पीचच्या बागेतील शपथेचा उल्लेख छन शौच्या इतिहासात आहे.
२. चिनी रंगभूमीवर लाल रंग निष्ठेचा मानला जातो.

३. सरदारापासून सम्राटापर्यंत

ग्वान यूला देवत्व एका दिवसात मिळाले नाही. अकाली व हिंसक मृत्यू आलेल्या योद्ध्याचा आत्मा शांत व्हावा, म्हणून लोक त्याला नैवेद्य दाखवत. त्यातून त्याची स्थानिक उपासना सुरू झाली. बौद्धांनी त्याला विहारांचा रक्षक मानले. ताओ पंथीयांनी त्याला असुरांचे निर्दालन करणारा देव ठरवले. श्येचौच्या सरोवराविषयी एक लोककथा प्रसिद्ध आहे. सुंग राजवटीत छ्रयौ नावाच्या असुराने सरोवरातील मीठ नाहीसे केले. तेव्हा ताओ पंथाच्या आचार्याने ग्वान यूला आवाहन केले. त्याने असुराला जिंकले आणि सरोवरात पुन्हा मीठ पिकू लागले.

मिठावरील करातून राज्याला मोठे उत्पन्न मिळत असे. त्यामुळे मिठाच्या सरोवराचे रक्षण करणाऱ्या देवाकडे राजदरबाराचे लक्ष जाणे स्वाभाविक होते. सुंग सम्राट ह्वेईत्सोंग याने ग्वान यूला ११०२ मध्ये सरदाराहून वरचा किताब दिला आणि ११०८ मध्ये ‘राजा’ ही पदवी दिली. १६१४ मध्ये मिंग सम्राट वानली याने त्याला ‘दी’ म्हणजे सम्राट या पदवीने गौरवले. तेव्हापासून ‘ग्वानदी’ हे नाव रूढ झाले. पुढे आलेल्या छिंग राज्यकर्त्यांनी त्यात आणखी बिरुदांची भर घातली. ज्याने एकाच धन्याची सेवा केली, त्याची पूजा प्रजेने करावी, यात प्रत्येक राजवटीचा स्वार्थही होता.

राजदरबाराला निष्ठावंत प्रजा हवी होती. व्यापाऱ्यांची गरज वेगळी होती. शान्शीचे व्यापारी मीठ, चहा, कापड घेऊन दूरदूरच्या प्रांतांत जात. परमुलखात ओळख नसे. बहुतेक व्यवहार तोंडी शब्दावर चालत. ज्याने वैभव नाकारून दिलेला शब्द पाळला, तो आपला गाववाला वीर त्यांना विश्वासाचा साक्षीदार वाटला. त्यांनी जेथे जेथे आपल्या व्यापारी मंडळांच्या वास्तू बांधल्या, तेथे ग्वानदीची स्थापना केली. अशा रीतीने युद्धातील वीर हा व्यापाराचा आणि संपत्तीचाही देव झाला. चीनमध्ये कन्फ्यूशियसला विद्येचा संत आणि ग्वान यूला शौर्याचा संत मानतात, ते याच प्रदीर्घ परंपरेमुळे.

४. मंदिराची मांडणी

श्येचौ येथील मंदिराची स्थापना इ. स. ५८९ मध्ये, म्हणजे स्वै राजवटीच्या काळात झाली. सुंग व मिंग राजवटींत त्याचा विस्तार झाला. ग्वान यूच्या असंख्य मंदिरांमध्ये ते मुख्य पीठ मानले जाते.

मंदिराचे दोन भाग आहेत. दक्षिणेकडे ‘शपथेची बाग’ आहे. कमान, मंडप, कृत्रिम टेकडी आणि पीचची झाडे यांनी ती सजलेली आहे. कादंबरीतील तो प्रसंग येथे बागेच्या रूपात उभा केला आहे. उत्तरेकडे मुख्य मंदिर आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे एक सरळ मध्यरेषा काढावी आणि तिच्यावर एकामागून एक दरवाजे, चौक व इमारती मांडाव्यात, तशी त्याची रचना आहे. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंच्या वास्तू एकमेकींशी समतोल साधतात. चिनी राजवाड्यांत ‘पुढे दरबार, मागे निवास’ असा नियम असे. तोच नियम येथे पाळलेला आहे.

प्रथम झिलईदार विटांची आडभिंत लागते. तिच्यावर ड्रॅगनच्या आकृती आहेत. दुष्ट शक्ती सरळ रेषेत चालतात आणि अशा भिंतीमुळे अडतात, अशी लोकसमजूत आहे. त्यापुढे ‘द्वान’, ‘च्र’ आणि ‘वू’ या नावांचे दरवाजे क्रमाने येतात. बीजिंगच्या राजवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावरही ‘द्वान’ आणि ‘वू’ या नावांचे दरवाजे आहेत. सामान्य सरदाराच्या स्मारकाला ही नावे देता आली नसती. दरवाजांच्या नावांतूनच मंदिरातील देवाचा दर्जा भाविकाला कळतो.

‘च्र’ दरवाजाची एक गंमत आहे. त्याच्या आतल्या बाजूस फळ्या टाकल्या की वाटेचे रूपांतर रंगमंचात होते. उत्सवात तेथे देवासमोर नाटके होत. ज्या नाट्यपरंपरेने या वीराला लोकप्रिय केले, तिला मंदिरातच जागा मिळाली आहे.

५. छोंगनिंग सभागृह

दरवाजे ओलांडल्यावर शाही हस्ताक्षरांचा मनोरा लागतो. छिंग सम्राट कांगशी याने लिहिलेल्या अक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले. त्याच्यामागे मंदिराचे मुख्य सभागृह आहे. सम्राट ह्वेईत्सोंगच्या ‘छोंगनिंग’ या कालनामावरून (११०२–११०६) त्याचे नाव पडले आहे.

या सभागृहाचा विशेष म्हणजे त्याच्या चारही बाजूंच्या ओसरीतील २६ दगडी खांब. प्रत्येक खांबाला ड्रॅगनने विळखा घातल्याचे शिल्प आहे. चिनी कल्पनेत ड्रॅगन हा पाऊस आणणारा मंगल प्राणी आहे व सम्राटाचे प्रतीकही आहे. आतील मूर्तीचा वेशही सम्राटाचा आहे. चिलखत घातलेला सेनापती येथे मुकुट व राजवस्त्रे धारण करून बसला आहे.

या इमारतीच्या बांधणीकडेही लक्ष द्यावे. पारंपरिक चिनी वास्तूत आधी उंच दगडी जोते बांधतात. त्यावर लाकडी खांब उभे करून तुळयांचा सांगाडा रचतात. खांबांच्या माथ्यावर लाकडी ठोकळे व आडव्या भुजा एकमेकांत खाचा पाडून बसवतात. या रचनेला ‘दौगोंग’ म्हणतात. छपराचा भार दौगोंगमार्फत खांबांवर उतरतो. भिंतींवर भार नसतो. त्या केवळ आडोशाचे काम करतात. म्हणूनच भिंत कोसळली तरी घर उभे राहते, असे चिनी लोक म्हणतात. दौगोंगमुळे छपराच्या पाखा भिंतीच्या बाहेर लांबवर आणता येतात व लाकडाचे पावसापासून रक्षण होते. छोंगनिंग सभागृहाला असे दुपदरी छप्पर आहे आणि त्यावर झिलईदार कौले आहेत. दुपदरी छप्पर हेही उच्च दर्जाचे लक्षण होते.

६. तलवार, मोहोर आणि ग्रंथ

सभागृहाच्या मागे एक कमान आहे. तेथून ‘निवासा’चा भाग सुरू होतो. या भागातील प्रमुख वास्तू म्हणजे छुन-छिऊ मनोरा. ‘छुन-छिऊ’ म्हणजे ‘वसंत आणि शरद’. हे एका प्राचीन इतिहासग्रंथाचे नाव असून त्याचे कर्तृत्व परंपरेने कन्फ्यूशियसकडे दिले जाते. ग्वान यूला या ग्रंथपरंपरेची आवड होती, असे मानतात.

मनोऱ्याची उंची सुमारे ३३ मीटर आहे. त्याला दोन मजले आणि छपराच्या तीन पदरी पाखा आहेत. सध्याची इमारत १८७० मध्ये पुन्हा बांधलेली आहे. तिच्या वरच्या मजल्याच्या सज्जाचे खांब खालच्या खांबांवर टेकलेले नाहीत. त्यांची टोके अधांतरी लोंबत असून त्यांवर कमळाची नक्षी आहे. आतील तुळया त्यांचा भार पेलतात. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला वरचा मजला हवेत तरंगत असल्याचा भास होतो. मनोऱ्याभोवती १०८ नक्षीदार लाकडी झडपा आहेत. त्या शान्शीतील पूर्वीच्या १०८ परगण्यांच्या खुणा आहेत, असे सांगतात.

या मनोऱ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना दोन लहान वास्तू आहेत. एकीत ग्वान यूच्या शस्त्राची प्रतिकृती आहे, तर दुसरीत त्याच्या सरदारकीच्या मोहोरेची. मधोमध, मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर, रात्रीच्या वेळी ग्रंथ वाचत बसलेल्या ग्वान यूची मूर्ती आहे. शस्त्र हे शौर्याचे चिन्ह आणि मोहोर हे अधिकाराचे. दोन्ही बाजूला ठेवून मध्यभागी ग्रंथ आणला आहे. शौर्य आणि अधिकार यांना विवेकाचे अधिष्ठान हवे, हा विचार येथे कोणताही शिलालेख न वाचता समजतो.

७. भूकंप, आग आणि पुनर्बांधणी

या वास्तूने संकटेही सोसली आहेत. २३ जानेवारी १५५६ रोजी शेजारच्या शेन्शी प्रांतात केंद्र असलेला महाभयंकर भूकंप झाला. त्यात सुमारे ८,३०,००० लोक मरण पावले, असा परंपरेने चालत आलेला आकडा आहे. या भूकंपात मंदिर उद्ध्वस्त झाले. ते पुन्हा बांधण्यात आले. १७०२ मध्ये लागलेल्या आगीत ते जळाले. दहाहून अधिक वर्षे खपून लोकांनी ते परत उभे केले. म्हणून आज दिसणाऱ्या बहुतेक इमारती छिंग राजवटीतील आहेत. १९८८ मध्ये चीनच्या शासनाने मंदिराला राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक घोषित केले. लाकूड जळते, कौले फुटतात. परंतु मांडणीची स्मृती कायम राहिली, म्हणून पुन्हा तेच मंदिर उभे राहू शकले.

८. समुद्रापलीकडे

पोटासाठी परदेशी गेलेल्या चिनी लोकांनी ग्वान यूला बरोबर नेले. व्हिएतनाममधील होई आन येथे १६५३ मध्ये त्याचे मंदिर स्थापन झाले. जपानमधील योकोहामा बंदरातील मंदिर १८६२ चे आहे. १९२३ चा भूकंप, १९४५ चा बॉम्बहल्ला आणि १९८६ ची आग यांत ते तीनदा नष्ट झाले. आजची वास्तू १९९० मधील आहे. हाँगकाँगमध्ये पोलीस ठाण्यांतही त्याच्या प्रतिमा पूजल्या जातात.

भारतातही ही परंपरा पोहोचली. कोलकात्याच्या टिरेटा बाजार भागातील तुंग ऑन मंदिर ग्वान यूचे आहे. त्या शहरात चिनी मंदिरांना ‘चर्च’ म्हणण्याची प्रथा आहे. मुंबईत माझगाव येथील सी यप मंदिर १९१९ चे आहे. ‘सी यप’ म्हणजे चार परगणे. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातील त्या चार परगण्यांतून समुद्रमार्गे आलेल्या लोकांनी ते उभारले. साध्या दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर ग्वानगोंगचे स्थान आहे. तेथे ना ड्रॅगनचे दगडी खांब आहेत, ना शाही दरवाजे. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर भारतातील सुमारे ३,००० चिनी वंशाच्या रहिवाशांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले आणि पुढे अनेक कुटुंबे देश सोडून गेली. जी राहिली, त्यांच्यासाठी ही मंदिरे नववर्षाला एकत्र येण्याची ठिकाणे ठरली.

श्येचौचा राजवाडा आणि माझगावचा वरचा मजला यांच्या वैभवात मोठे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी आदर मात्र एकाच गोष्टीचा होतो. परक्याच्या घरी सन्मान व संपत्ती मिळत असतानाही ज्याने आपल्या माणसांना दिलेला शब्द विसरला नाही, त्याची आठवण घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला जवळची वाटते.

पाठगत प्रश्न – २

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. ग्वान यूला ‘दी’ ही पदवी कोणत्या वर्षी मिळाली?
(क) ११०२ (ख) ११०८ (ग) १६१४ (घ) १७०२
२. छोंगनिंग सभागृहाभोवती किती दगडी खांब आहेत?
(क) १६ (ख) २६ (ग) ३३ (घ) १०८

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. दौगोंग म्हणजे काय?
२. छुन-छिऊ मनोऱ्याचा वरचा मजला तरंगत असल्याचा भास का होतो?

शब्दार्थ

किताब – सन्मानदर्शक पदवी
मोहोरबंद – शिक्का मारून बंद केलेले
निर्दालन – संपूर्ण नाश
बिरुद – गौरवाची पदवी
पीठ – मुख्य धर्मस्थान
जोते – इमारतीचा उंच चौथरा
तुळई – छपराचा किंवा मजल्याचा भार पेलणारे आडवे लाकूड
पाखा – छपराचा उतरता भाग
झिलईदार – काचेसारखा चकाकणारा लेप दिलेले
अधांतरी – आधाराविना, मध्येच
अधिष्ठान – आधार, पाया

टीप : चिनी नावांत आडनाव आधी येते. ‘ग्वान’ हे आडनाव आणि ‘यू’ हे व्यक्तीचे नाव. ‘गोंग’ हे आदरार्थी पद असल्याने लोक त्याला ‘ग्वानगोंग’ असेही म्हणतात.

तुम्ही काय शिकलात

• ग्वान यू हा इ. स. २२० मध्ये मारला गेलेला ऐतिहासिक सेनापती होता. वचनपालन हा त्याचा लोकांना भावलेला गुण होय.
• इतिहासातील ग्वान यूमध्ये दोषही होते; आख्यानांनी व उपासनेने त्याच्या निष्ठेला अग्रस्थान दिले.
• राजदरबार, धर्मपंथ आणि व्यापारी यांनी आपापल्या गरजांनुसार त्याच्या उपासनेला बळ दिले.
• श्येचौचे मंदिर राजवाड्याच्या ‘पुढे दरबार, मागे निवास’ या नियमाने बांधलेले आहे. दरवाजांची नावे, ड्रॅगनचे खांब आणि छपराचे पदर यांतून देवाचा दर्जा व्यक्त होतो.
• स्थलांतरित चिनी समाजाने ही उपासना भारतासह अनेक देशांत नेली.

पाठान्त प्रश्न

१. ‘उपकार फेडल्याखेरीज जाणार नाही, आणि ते फेडल्यावर राहणारही नाही’ या ग्वान यूच्या भूमिकेतून त्याच्या स्वभावाचे कोणते पैलू दिसतात? सविस्तर लिहा.
२. इतिहास आणि आख्यान यांतील फरक पाठातील कोणत्याही दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
३. शान्शीच्या व्यापाऱ्यांना एका योद्ध्याची उपासना का करावीशी वाटली?
४. शस्त्र, मोहोर आणि ग्रंथ यांच्या मांडणीतून कोणता विचार व्यक्त होतो? त्याविषयी तुमचे मत लिहा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूचे निरीक्षण करा. जोते, खांब, छप्पर, दरवाजा आणि चौक यांचे वर्णन करणारा दहा-बारा वाक्यांचा परिच्छेद लिहा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : खिळखिळी होणे, कसोटी लागणे, शब्दाला जागणे, अधांतरी.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न – १ : (अ) १. त्साओ त्साओ २. छन शौ (आ) १. चूक २. बरोबर

पाठगत प्रश्न – २ : (अ) १. (ग) १६१४ २. (ख) २६ (आ) १. खांबांच्या माथ्यावर खाचा पाडून एकमेकांत बसवलेल्या लाकडी ठोकळ्यांच्या व भुजांच्या रचनेला दौगोंग म्हणतात. २. वरच्या सज्जाचे खांब खालच्या खांबांवर न टेकता अधांतरी लोंबत असल्यामुळे तसा भास होतो.